मध्यंतराची संत्री

सुभाषशेठना मी खुर्चीत बसलेलं कधी पाहिलं नाही. मंगरूळपीरच्या त्यांच्या दुकानात पाइप, मोटरपंप आणि ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी यांच्यामधून वाट काढत गेलं की गल्ला लागायचा, आणि गल्ल्यामागे एक बऱ्यापैकी खुर्चीही होती. तिच्यावर कायम त्यांची कापडी पिशवी बसलेली असे. शेठ दारापासून गोदामापर्यंत येरझारा घालत. बसा म्हटलं तर म्हणत, "सर, तुमी बसा. तुमाले सवय हाय." मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. मी बसायचो.

आमच्या भागात माणूस मोठा झाला की त्याला आधी खुर्ची मिळते, मग मोठी खुर्ची, आणि शेवटी पुतळा. हालचाल उत्तरोत्तर कमी होत जाते. शेठना व्यासपीठावर बोलावलं की ते शाल घेत, खाली उतरत आणि लाउडस्पीकरवाल्याशेजारी उभे राहून पुढची भाषणं ऐकत. शाल त्यालाच देऊन टाकत. त्याच्याकडे पुष्कळ शाली जमल्या होत्या.

अशा माणसाने मंगरूळपीरला रग्बी आणली, हे मी बाहेरगावी सांगितलं की लोक मला दुसऱ्यांदा विचारतात. शेठचा मुलगा ऑस्ट्रेलियात नोकरीला. शेठ काही महिने त्याच्याकडे राहून आले. इतर लोक अशा प्रवासातून चॉकलेटं आणतात. शेठनी अंड्याच्या आकाराचा एक चेंडू आणला आणि एक गोष्ट आणली, ती मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता त्यांच्याच शब्दांत सांगता येईल.

"सर, माहा नातू खेळून राह्यला होता. बाजूले एक म्हातारा उभा. हाफपँट घातलेला, संत्री कापून राह्यला. दोन्ही बाजूच्या पोरायले फोडी वाटे. दुसरीकडं काहीतरी भाजनं चालू होतं, तिकडं आपन पाह्यलंच नाई. मी पोराले इचारलं, हा गडी कोन? तं म्हने, बाबा, हे क्लबचे अध्यक्ष. मी म्हटलं, अध्यक्षाच्या हातात सुरी? आपल्याकडं अध्यक्षाच्या हातात फीत कापाची कातर असते. तेबी तबक दुसऱ्यानं धरलेलं."

परत आल्यावर त्यांनी मुलींचा क्लब काढला. दुकानातलेच पाइप जोडून मैदानाच्या दोन टोकांना दोन उंच खांब आणि मधे आडवी दांडी अशी गोलची चौकट उभी केली. येणारा-जाणारा थांबून विचारी, "शेठ, बोअर किती खोल गेला? पानी लागलं काय?" शेठ म्हणत, "लागन." क्लबची घटना लिहायला मला बसवलं. पहिलंच कलम त्यांनी सांगितलं: अध्यक्ष मध्यंतराची संत्री सोलतील. नोंदणी करून देणारे वकील हसले आणि हे कलम काढा म्हणाले. शेठ म्हणाले, "बाकी सगळी काढा, हे राहू द्या."

आमच्याकडे सात-सात जणींचे संघ खेळतात. पळायचं पुढे, पण चेंडू हाताने द्यायचा तो मागच्या गड्यालाच. मध्यंतर अवघं दोन मिनिटांचं. त्यामुळे खेळ सुरू झाला की शेठ रेषेबाहेर टोपली काखेत धरून उभे राहत, डोळे खेळावर आणि बोटं संत्र्यावर. शिट्टी वाजेपर्यंत सगळी सोलून तयार. आधी पाहुण्या संघाला, मग आपल्या. आणि वाटून झालं की ठरलेला प्रश्न: "शेवटच्या पोरीले भेटलं काय?"

हा प्रश्न त्यांच्या धंद्यातून आला होता. शेतात ठिबक बसवलं की शेतकरी टाकीजवळच्या नळीला थेंब पडलेला पाहून खूश होतो. शेठ तडक धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या पार टोकाच्या बांधापर्यंत, चालत जात आणि शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या नळीशी उकिडवे बसत. तिथे थेंब पडला तरच काम झालं. जगातल्या सगळ्या संस्थांना ते हेच माप लावत. मोबाइलवर ते ऑस्ट्रेलियाचे सामने बघत, तिथल्या बातम्या नातवाकडून समजून घेत आणि चिडत. "तिथंबी तेच, सर. राज्याराज्याचे लोक वरच्या ऑफिससंगं भांडून राह्यले. तिकडं रग्बी दोन तऱ्हेची; दुसऱ्या तऱ्हेतला एखादा नावाजलेला गडी मोठ्ठा भाव देऊन आनतात, त्याचा फोटो छापतात. अन् माह्या नातवाच्या मैदानावरचं गवत पोरायचे आजे कापतात. टाकीपाशी कारंजं, अन् धुऱ्यावर कोरडं." ऑस्ट्रेलियातल्या रग्बीच्या कारभारावर आमच्या तालुक्यात मतभेद नव्हते, कारण मत असणारा माणूस एकच होता.

खेळाडू भरती करण्याची त्यांची पद्धत त्यांच्यासारखीच होती. जाहिरात नाही, शिबिर नाही. आठवडी बाजारात ते चालत राहत आणि पाहत राहत. कविता त्यांना तिथेच सापडली. मूळ धनज गावची, शिकायला मामाकडे मंगरूळपीरला राहणारी, शाळेत कबड्डी खेळलेली. बाजारात एक बोकड दावं तोडून सुटला, पाच-सहा पुरुष आरडाओरडा करत मागे धावले, आणि भाजी घेत असलेल्या या मुलीने पिशवी खाली ठेवून त्याला बाजूने मागच्या पायांवर धरून आडवा केला. शेठ तिच्यासमोर जाऊन म्हणाले, "पोरी, मानसं पाडशीन काय?" ती म्हणाली, "कोन्ते?"

कविता पाडायची उत्तम, पण सोडायची नाही. कबड्डीत धरलं की धरून ठेवायचं. रग्बीत पाडलं की ताबडतोब सोडायचं, नाहीतर समोरच्या संघाला पेनल्टी. वर्षभर आमचे निम्मे सामने तिच्या या मिठीपायी गेले. शेठ रेषेबाहेरून ओरडत, "सोड, बाई, सोड. बोकड नाई थो." पुढे ती शिकली, जिल्ह्याकडून खेळली, आणि मग लहान मुलींना शिकवू लागली.

शेठच्या पत्नी गेल्या, तेव्हापासून मुलगा मागे लागला होता: कायमचे इकडे या. शेवटी शेठनी होकार दिला. दुकान पुतण्याकडे गेलं, त्याला तासभर लागला. क्लब कोणाकडे द्यायचा, यावर मात्र शेठची झोप उडाली. भल्या सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहत. "सर, कोन पाहीन हे?" मी चहा पुढे करी. ते कप हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारत, आणि चहा निवून जाई. त्यांच्या मनात कविता होती. कमिटीच्या मनात नानासाहेब होते.

नानासाहेब म्हणजे रस्त्यांचे ठेकेदार. ज्या संस्थेच्या मैदानावर आम्ही खेळतो, तिचे संचालक. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या आधी त्याचा फ्लेक्स येई. मैदान हातचं जाऊ नये म्हणून त्यांनाच अध्यक्ष करा, असं कमिटीचं म्हणणं. शेठ म्हणाले, "एका सामन्याले संत्री सोलू द्या, मंग पाहू."

त्या सामन्याला नानासाहेब वेळेवर आले, हेच पहिलं आश्चर्य. त्यांच्याबरोबर मंडप आला, माइक आला, फोटोग्राफर आला आणि 'फळवाटप कार्यक्रम' असं लिहिलेला फ्लेक्स आला. दवाखान्यात वाढदिवसाला रुग्णांना फळं वाटण्याचा त्यांना दांडगा सराव होता, आणि संत्री म्हटल्यावर कार्यकर्त्यांनी तीच तयारी केली होती. मध्यंतराची शिट्टी झाली. घामाने निथळणाऱ्या मुलींना रांगेत उभं केलं. माइकवरून एकेकीचं नाव पुकारलं जाई. ती पुढे येई, नानासाहेब तिच्या ओंजळीत एक अख्खं संत्रं ठेवत, पण हात सोडत नसत, दोघं कॅमेऱ्याकडे पाहत, टाळ्या होत. चौथी मुलगी पुढे येत असताना पंचाने पुन्हा शिट्टी वाजवली. दोन मिनिटं संपली होती. ज्यांना मिळालं, त्यांनी संत्री रेषेवर ठेवली आणि धावल्या. एका संत्र्याचंही साल निघालं नव्हतं. आम्ही तो सामना हरलो. संत्र्यांमुळे हरलो असं मी म्हणणार नाही, पण शेठ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कमिटीची बैठक शेठच्या दुकानात झाली. शेठ सोडून सगळे बसले होते. "कविताले करा," शेठ म्हणाले. "ते नानासाहेब पोरीयले पेशंट समजते." कमिटीने हात वर केले. मोजायची गरज पडली नाही. सगळे नानासाहेबांसाठी होते. शेठ ठिबकच्या नळीचं एक टोक हातात घेऊन पिळत राहिले. "मंग मी जात नाई," ते म्हणाले. "तिकीट रद्द करतो. नातू येईन इकडं, भेटाले."

दाराशी उभी असलेली कविता आत आली.

"शेठ, मैदान गेलं तं मी पोरी कुठं खेळवू? रस्त्यावर?"

"अन् संत्री?"

"ते मी पाहीन. तुमी जा."

"थो मानूस सोलन काय?"

"शेठ," ती म्हणाली, "पाडलं की सोडा लागते. तुमीनंच शिकवलं ना मले?"

शेठनी तिच्याकडे पाहिलं. मग नळी भेंडोळ्यात नीट खोचून ठेवली, आणि खुर्चीवरची आपली पिशवी उचलून खांद्याला लावली. खुर्ची रिकामी झाली. तरी बसले नाहीत. पंधरवड्यात ते गेले. त्यांना निरोप द्यायला आम्ही मुलींना घेऊन बसस्टँडवर गेलो होतो. गाडी सुटेपर्यंत ते फलाटावर फिरत होते.

पुढचा सामना डिसेंबरात झाला. मंडप होता, आणि पुढच्या रांगेत खुर्च्या होत्या. एका खुर्चीत मीही होतो. खेळ सुरू होताच कविताने टोपली नेऊन नानासाहेबांच्या मांडीवर ठेवली. "नाना, पहिलं कलम. शिट्टीच्या आधी झाली पाह्यजेत." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. एक कार्यकर्ता पुढे सरसावला, तर ती त्याला म्हणाली, "तू अध्यक्ष हायेस काय?" नानासाहेबांनी एक संत्रं उचललं. ते बायकोने सोललेली संत्री खाणाऱ्या माणसासारखं सोलत होते. रस पांढऱ्या सदऱ्यावर उडाला. पण थांबले नाहीत. शिट्टी झाली तेव्हा टोपली जवळजवळ तयार होती, आणि ते उठून, रेषेपर्यंत चालत जाऊन, फोडी वाटू लागले. फोटोग्राफर गोंधळला, कारण कोणीच कॅमेऱ्याकडे पाहत नव्हतं.

फोटो मी काढला आणि शेठना पाठवला. उत्तर लगेच आलं. तिकडे संध्याकाळ झाली असावी.

"लय चांगलं केलं. शेवटच्या पोरीले भेटलं काय?"

ते मी पाहिलं नव्हतं. मैदानाच्या त्या टोकाला, पाइपांच्या चौकटीमागे, राखीव खेळाडूंमधली एक लहानशी मुलगी बुटांच्या नाड्या ओवत बसली होती. तिच्या हातात काही नव्हतं. टोपलीत एक उरलं होतं, न सोललेलं. ते घेऊन मी तिच्यापर्यंत चालत गेलो आणि उभ्यानेच सोलू लागलो.

तिने जमिनीवर जागा केली. "सर, बसा ना."

"तू खा," मी म्हणालो.