वस्तादांची सुतळी

माझे अक्षर वेडेवाकडे आहे आणि शुद्धलेखन चौथीपुरतेच. हे कोणी वाचलेच तर सांभाळून घ्यावे.

गिरणीत पडल्यापासून ह्यांच्या उजव्या पायातली ताकद गेली होती, म्हणून धुळ्याचे एक वस्ताद सकाळी घरी येत. आधी ते शाळेत कवायत शिकवीत, मग त्यांनी तालीम काढली. माणूस भेटला की ते चेहरा न बघता त्याची चाल बघत. ह्यांच्या तळव्याला हात लावून, तो पायाने ढकलायला सांगत दरडावत, "नाना, हाऊ पाय शे, लाकूड नई! लोटा मना हातले."

हे हसून म्हणत, "लाकूड निदान चुलीत जळतं, वस्ताद."

मग ते पोटरीला सुतळी गुंडाळून मापाची गाठ मारीत. दर खेपेला नवी गाठ जुनीच्या अलीकडे पडे. पोटरी सुकत होती. मी दाराआडून बघत असे. विचारायचा धीर होत नसे.

एके दिवशी त्यांनी गाठ मारलीच नाही. सुतळी खिशात टाकली आणि पहिल्या दिवशी नारळासोबत घेतलेली दक्षिणा उंबऱ्यावर ठेवली. चेल्याची दक्षिणा वस्ताद कधी परत करीत नाहीत.

"अक्का, बठ्ठा शेतस. मोजी ल्या."

मी मोजले. पैसे पुरते होते.