धाकूकाकांचा कुकारा

आधीच सांगून टाकतो, भूतबीत, चकवाबिकवा यांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी कडावचा. लग्नांचं ड्रोन शूटिंग करतो, आणि डोंगरात कुणी हरवलं की आमच्या रेस्क्यू ग्रुपसाठी थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन उडवतो. अंगाच्या उष्णतेने माणूस स्क्रीनवर पांढरा दिसतो – एवढं साधं सायन्स आहे.

गेल्या श्रावणात कशेळ्याच्या वरच्या वाडीतली हिरामावशी रानात करटुली काढायला गेली ती परत आलीच नाही. बाजारात "वाळलास रं" म्हणत मला मूठभर भाजी जास्त घालणारी मावशी! दुसऱ्या दिवशी उजाडताच मी घाईघाईत ड्रोन उडवला.

ड्रोन डोंगराच्या पलीकडे गेला. त्यावरच्या स्पीकरसाठी मी माइकवर ओरडतोय, "हिरामावशी, मोकळ्यावर ये!" छे… स्क्रीनवर नुसती काळी झाडी. माणूस कपारीत असेल तर कॅमेऱ्याला दिसतच नाही. त्यात बॅटरी संपत आलेली.

शेजारी उभे असलेले मावशीचे नवरे, धाकूकाका, भडकलेच. "नाव घेऊन काय बोंबलतोस रं? रानात नावानं हाक आली तर आमी ओ देत नाय. भूत बी नावानंच बोलावतंय. कुकारा द्यायचा!" माइक हिसकावून त्यांनी लांबलचक कुकारा दिला – कूऽऽऽ… शेवटी आवाज रडवेला झाला.

आणि अहो, एका कपारीतून पांढरा ठिपका रांगत बाहेर आला! मी आणि काका मिठी मारून रडलो.

पाय मोडलेल्या मावशीला झोळी करून खाली आणलं. म्हणाली, "नावानं कुनी हाक मारली नाय. म्हाताऱ्याचा कुकारा तेवढा आला, पार कानाशी. घरात धा हाकांना ओ देत नाय, आन आज बरा आला न्यायला!" काका चक्क लाजले.

घरी आलो… तर स्पीकर टेबलावर, चार्जिंगला लावलेला. घाईत ड्रोनवर बसवायचाच राहिला होता! काकांचा आवाज थेट पोचला म्हणावं, तर मध्ये अख्खा डोंगर आणि वारा उलटा.

काकांना सांगितलं, तर बिडी शिलगावत म्हणाले, "मंग? तुज्या डब्याच्या भरवशावर बोलावलं व्हतं काय मी तिला?"

आता मावशी लंगडत बाजारात येते, आणि करटुली मूठभर जास्तच घालते.