पलीकडे फुललेली मधुमालती

कवळीवाल्याला माणसं आवडत नसत, आणि ही गोष्ट त्याने कधी लपवून ठेवली नाही. गावातले दंतवैद्य त्याच्याकडे लोकांच्या तोंडाचे साचे पाठवत आणि हा घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यावरून कवळ्या बनवी. खोलीच्या तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे. आयुष्यभर असल्या बोडक्या जबड्यांच्या संगतीत बसलेल्याला मनुष्यजातीबद्दल आदर वाटेल तरी कसा, असं त्याचं म्हणणं. खिडकीसमोरून कोणी ऐटीत हसत गेला की मेण कोरायची सुरी हातातच ठेवून हा आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला सांगे, "तो हसतोय ना, ते दात माझे आहेत."

बायको म्हणे, "मग तुम्ही का नाही वापरत कधी?"

तिचं बोलणं असंच असे. मोजकं, आणि नेमकं लागेल असं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिला उत्तर देणं त्याला जमलेलं नव्हतं. म्हणून बाकीच्यांना तो दुप्पट बोलून घेई. दंतवैद्यांना तो 'भोकं पाडणारे' म्हणे. सकाळी हात हलवत चालायला जाणारे त्याच्या मते घरातून हाकलून दिलेले असत. बाल्कनीत चार कुंड्या मांडून त्यांच्याशी गप्पा मारणाऱ्या लोकांबद्दल तर तो जेवताना बोलत नसे, घास घशात अडकतो म्हणून.

पण या सगळ्या मंडळींत मानाचा पाट होता तो शेजाऱ्याचा.

शेजारी बस स्थानकावर उद्घोषक होता. सुटणाऱ्या गाड्या, रखडलेल्या गाड्या, चुकलेली पोरं, सापडलेल्या पिशव्या, सगळं त्याच्याच तोंडून गावाला कळे. आवाज भरदार, गोड, आणि मुख्य म्हणजे बंद न होणारा. कवळीवाला त्याला 'भोंगा' म्हणे. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. सकाळी कवळीवाला दात घासायला मागच्या अंगणात आला रे आला, की भिंतीवरून आवाज येई, "काय शेजारी! झाला का चहा?"

हे तो अशा थाटात विचारी, की चहा फलाट क्रमांक चारवर लागला आहे असं वाटावं. मग हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, काल कुठली गाडी का उशिरा आली, याचं साग्रसंगीत निवेदन. कवळीवाल्याच्या तोंडात ब्रश असे, म्हणून तो काही बोलत नसे. शेजाऱ्याचा समज असा, की हा माणूस फार उत्तम श्रोता आहे.

"भिंत वाढवू या का?" बायकोने एकदा विचारलं.

"भिंत वाढवली तर त्याला कळेल मी का वाढवली ते. मग विचारायला येईल. मग समजूत काढायला येईल. नको. वेल लावतो."

तो नर्सरीत गेला. नर्सरीवाली चिखलाच्या हातांनी रोपं पिशव्यांत भरत होती. हा म्हणाला, "सगळ्यात जोमाने वाढणारी, दाट आणि मरायला तयार नसणारी वेल द्या."

"मधुमालती घेऊन जा, काका. झुबक्यांनी फुलते. ऊन कुठल्या बाजूने येतं तुमच्याकडे?"

"उन्हाचं काय करायचंय? मला फुलं नकोत. आडोसा हवाय."

"अहो, पण वेल..."

"द्या," तो म्हणाला. रोपं विकणाऱ्या बाईने आपल्याला सूर्य शिकवावा, हे त्याला फारच झालं.

त्याने भिंतीलगत खड्डा खणला, कुजलेलं शेणखत आणि हाडांचा चुरा घातला, लोखंडी खांब रोवून पुरुषभर उंचीपर्यंत तारा ओढल्या. पहिल्या वर्षी मधुमालती गुडघ्याएवढं झुडूप होऊन रुसून बसली. शेजाऱ्याने भिंतीवरून रोज तिची चौकशी केली. "येईल हो, येईल. आधी पाय रोवते आणि मग पळते." कवळीवाल्याला वाटलं, वेलीने केवळ या माणसाला खोटं पाडण्यासाठी तरी मरावं.

वेल मेली नाही. दुसऱ्या वर्षी पहिल्या पावसानंतर ती जी सुटली, ती बघता बघता तारांवर चढली, खांबांना विळखे घालत वर पोचली आणि पुन्हा खाली लोंबली. जुन्या फांद्यांवर पानांचे देठ वाळून काट्यांसारखे टोकदार झाले आणि बांधाबांध करताना कवळीवाल्याचे हात ओरबाडून निघाले. पण भिंत झाली. हिरवीगार, हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल अशी दाट. सकाळी आवाज आला, "काय शेजारी?" पण तोंड दिसलं नाही. तेवढ्यानेही त्याला धन्य वाटलं. पुढे पुढे आवाजही कमी झाला. जिंकलो, असं त्याने बायकोला ऐकवलं.

"हं," बायको म्हणाली.

आवाज कमी का झाला, ते त्याला न्हाव्याच्या दुकानात कळलं. गाल फेसाने माखलेला असताना न्हावी म्हणाला, "तुमच्यासारखा शेजारी मिळायला नशीब लागतं बघा. आजच्या जमान्यात कोण कुणासाठी एवढं करतं!"

"काय केलं मी?"

"आता वर नम्रपणा! उद्घोषकसाहेब सगळ्यांना सांगतात. खत तुमचं, मेहनत तुमची आणि फुलं त्यांच्या अंगणात. मी परवाच बघून आलो. डोळ्यांचं पारणं फिटलं."

कवळीवाला अर्धी दाढी तशीच ठेवून उठणार होता. ऊन सगळं पलीकडच्या अंगणात पडत होतं. त्याच्या बाजूला त्याच्याच घराची सावली. वेलीने इकडे खाल्लं, इकडे पाणी ओढलं, इकडे वाळकी पानं आणि काटे टाकले आणि फुलायला ती तिकडे गेली. संध्याकाळी उमलताना पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, अशी फुलं एकाच झुबक्यात लटकत होती म्हणे. अंगणभर वास. शेजारी भिंतीशी येईना, कारण त्याने वेलीखाली बाकडं टाकलं होतं आणि तिथे गाव गोळा करून बसत होता.

फुलं नको होती, हे खरं. पण नको असलेली वस्तू भोंग्याला मिळावी, हे कुठे ठरलं होतं? त्यातून गावाने त्याला भला माणूस ठरवून टाकलं. वाणी हसून बोलू लागला. एक अनोळखी बाई रस्त्यात थांबवून म्हणाली, "तुमचं मन फार मोठं." इतका अपमान त्याचा कोणी केला नव्हता.

आणि एका संध्याकाळी चहाची वेळ झाली तरी बायको घरात दिसेना. त्याने हाक मारली. उत्तर वेलीच्या आतून आलं.

"इकडे आहे. वहिनींकडे."

"तिकडे काय करतेस?"

"बसलेय."

"चहा?"

"डबा वरच्या फळीवर आहे, अहो. दूध झाकून ठेवलंय."

मग ती रोजच जाऊ लागली. तिकडून कधी हसल्याचा आवाज येई. बायको एवढं हसते, हे कवळीवाल्याला ठाऊक नव्हतं. तो पानांत डोळा घालून बघू लागला, पण त्याचीच वेल, त्याच्याच खताने माजलेली, काही दिसू देईना.

थंडी पडली, फुलं थांबली, तेव्हा एका रविवारी शेजारी घरात नाहीत असं बघून त्याने करवत आणि मोठी कात्री काढली. सकाळपासून कापत सुटला. वर चढलेलं सगळं ओढून काढलं आणि गुडघ्याएवढे खुंट तेवढे ठेवले. मुळापासून उपटायला गेला, पण मुळांनी भिंतीचा पायाच धरून ठेवला होता. दारात उभी राहून बायको बघत होती.

"झालं समाधान?"

"झालं."

आता शेजारी येईल, कपाळावर हात मारेल, दोन शब्द वाकडे बोलेल, मग आपल्यालाही चार बोलता येतील, अशी त्याने तयारी केली होती. चार नव्हे, चांगली पंधरावीस वाक्यं जुळवून ठेवली होती. पण भिंतीवरून काही आलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. उघड्या पडलेल्या भिंतीपलीकडे शेजारी बाकड्यावर बसलेला दिसे, तोंडाला मफलर गुंडाळलेला. हा ब्रश घेऊन बाहेर आला की तो नुसता हात वर करी. बस स्थानकावरून वाऱ्यावर आवाज येई तोही भलत्याच कोणाचा, किनरा. कवळीवाल्याला आधी बरं वाटलं. मग त्याला त्या शांततेत स्वतःच्या चुळा भरण्याचा आवाज ऐकू येऊ लागला आणि तो काही ऐकण्यासारखा नव्हता.

"वेलीचं फारच मनाला लावून घेतलंय त्याने," तो म्हणाला.

"वेलीचं कुठलं घेऊन बसलात! हिरड्या सडल्या होत्या. वरचे सगळे दात काढले त्यांचे. माईकवरून उठवून सापडलेल्या सामानाच्या खोलीत बसवलंय. तुमच्याशिवाय सगळ्या गावाला माहीत आहे."

थोड्याच दिवसांत दंतवैद्याकडून साचा आला आणि मेणात दात बसवून झाल्यावर ते तोंडात लावून बघायला शेजारी स्वतः आला. स्टुलावर बसून त्याने मफलर काढला. वरचा ओठ आत गेलेला, चेहरा दहा वर्षांनी म्हातारा. आणि तरी बोलला काय, तर, "वेल छाटलीत ते थोनं केलंत. आता बघा, कथी जोमाने येते."

कवळीवाल्याची जुळवलेली सगळी वाक्यं वाया गेली. शिवी म्हणून केलेलं कामही या माणसाने आहेर म्हणून घ्यावं! त्याने मेणाची कवळी त्याच्या तोंडात जरा जोरातच बसवली.

"सुटेल म्हणा."

"थुटेल."

"सहा."

"थहा."

"फलाट."

फलाट बाहेर आला तो नुसती हवा होऊन. शेजाऱ्याने मान खाली घातली. बोलता बोलता तो आयुष्यात पहिल्यांदा थांबला होता आणि समोर बसलेल्या माणसाने याच क्षणासाठी दोन वर्षं खत घातलं होतं.

दारातून बायको हळूच म्हणाली, "राहू द्या की तसंच. तुम्हाला हवी होती ना शांतता."

"गप्प बस," तो कडाडला. "कवळी कुणाची आहे ही? हा उद्या गावभर थहा थहा करत फिरणार आणि लोक म्हणणार, दात कुणी बसवले? तोंड उघडा हो!"

त्याने पुढच्या दातांमागचं मेण कोरलं. पुन्हा म्हणायला लावलं. पुढचे दात केसभर खाली घेतले. पुन्हा. शेजारी रोज येऊ लागला आणि हा रोज त्याच्यावर खेकसू लागला. "जीभ कुठे घालताय? मागे घ्या. माईकसमोर बसलात म्हणजे बोलता येतं असं नाही." फळ्यांवरचे जबडे ऐकत राहिले. त्या गडबडीत भोंगा हे नाव त्याच्या तोंडून कधी गळून पडलं, त्याचं त्यालाही कळलं नाही. एके दिवशी दुपारी शेजाऱ्याने घसा खाकरला आणि, "फलाट क्रमांक सहावरची गाडी सुटत आहे, प्रवाशांनी सामान सांभाळावं," असं एका दमात म्हणून टाकलं. रस्त्यावरून जाणारा एक इसम दचकून पिशवी छातीशी धरून उभा राहिला.

"बरं आहे," कवळीवाला म्हणाला. "'सामान'मधला स अजून घसरतो. उद्या या."

स घसरत नव्हता. पण उद्या या, असं तो म्हणाला, हे खरं आहे.

कवळी पक्की झाली, शेजारी माईकवर परत गेला आणि पाऊस सुरू होताच खुंटांना असे धुमारे फुटले की कवळीवाल्याने कपाळाला हात लावला. छाटणीने तिचं भलंच झालं होतं. नव्या फांद्यांवर झुबक्यांना गणती राहिली नाही आणि ऊन पडत होतं तिथेच पडत होतं. या खेपेला ओझं एवढं झालं की तारा पलीकडे झुकल्या आणि बांधायला त्याला शिडी घेऊन शेजाऱ्याच्या अंगणात जावंच लागलं. तिथे त्याने आपली वेल पहिल्यांदा समोरून बघितली. बराच वेळ बघितली. बाकड्यावर बसलेल्या दोघांच्या बायका तो काय म्हणतो याची वाट बघत होत्या.

"भडक आहे," तो म्हणाला आणि शिडीवर चढला.

तेव्हापासून दर थंडीत छाटणी करायला आणि दर पावसात बांधायला तो पलीकडे जातो. शेजाऱ्याला कात्रीला हात लावू देत नाही. त्याने मारलेल्या गाठी सोडून पुन्हा मारतो आणि सोडताना गाठी मारणाऱ्याची अक्कल, बस स्थानकाचा कारभार, सकाळी चालायला जाणारे आणि अंगणात फुलं बघायला जमणारे रिकामटेकडे या सगळ्यांचा यथासांग उद्धार करतो. शेजारी खाली शिडी धरून उभा असतो आणि मोठ्या आवाजात सगळ्याला हो म्हणतो. बायको तेवढी मधूनच सांगते, "अहो, हळू बोला, रस्त्यावर ऐकू जातंय."