अण्णांचं बियाणं

गावोगाव वायर ओढणाऱ्या माणसाच्या अंगाला धूळ चिकटते, तसे किस्सेही चिकटतात. झटकले तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा तेवढेच! श्रीगोंद्यात आमचं इंटरनेटचं छोटं ऑफिस आहे. मालक अण्णा, मूळचे ऊसवाले. मशिनं बघणं आणि अण्णांना समजावणं ही माझी दोन कामं. पहिलं सोपं आहे.

प्रत्येक कनेक्शनला आकड्यांचा एक पत्ता लागतो. जुने पत्ते जगभर संपत आलेत, आता नव्या पद्धतीचे लांबलचक घ्यावे लागतील, असं मी सांगितलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "आपल्याकडं संपले असतील. घोडेगावच्या बाजारात चौकशी केली का?"

*

पत्ते पुरेनात म्हणून अख्ख्या आळीला एकच दिला. कुणा बहाद्दरानं एका वेबसाइटवर दहादा चुकीचा पासवर्ड मारला आणि वेबसाइटनं सगळी आळीच बंद केली. रिटायर्ड गुरुजी तक्रार घेऊन आले. मी घाबरत घाबरत कारण सांगितलं.

गुरुजींनी तक्रारीच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "एकानं खोडी काढायची आणि सगळ्या वर्गानं अंगठे धरायचे. पस्तीस वर्षं मी हेच केलं रे." तक्रारीचा कागद खिशात घालून ते निघून गेले.

*

बाहेरून मोबाईलवर आपल्या रानातला कॅमेरा बघायचा तर स्वतंत्र पत्ता लागायचा. गिऱ्हाइकं चार, मोकळा पत्ता एक. अण्णांनी कालव्याच्या पाण्यासारख्या पाळ्या लावल्या. पहिली पाळी पोल्ट्रीवाल्याला गेली, तसे नर्सरीवाले भांडायला हजर.

"त्याचं रान कालव्याच्या शेवटाला, माजं तोंडाला. मंग त्याची पाळी आदी कशी?"

"शेवटाकडनं वर यायचं," अण्णा म्हणाले. "नियम पान्याचा हाय." नर्सरीवाल्यांना हे पटलं आणि मी पाळ्यांची वही लिहायला घेतली.

*

याशिवाय आणखी एक पत्ता होता, तो मात्र अण्णा पाळीतही कुणाला देत नसत. "बियानं हाय त्ये. बियानं खायचं नसतं." पत्ता पेरून दुसरा उगवत नाही, हे मी दोनदा सांगून पाहिलं.

पुढं नवे पत्ते आले, आकड्यांत मधेच अक्षरं असलेले. अण्णा एक वाचायला बसले आणि निम्म्यात त्यांनी चहा मागवला. हे कधी संपायचे नाहीत म्हटल्यावर तर त्यांचा विश्वासच उडाला. बियाणं जागेवरच राहिलं.

*

आमच्या गिऱ्हाइकांतल्या दत्तूमामांची म्हैस विणार होती आणि त्याच आठवड्यात मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात. मामांचा गोठ्यातला कॅमेरा जुना, त्याला नवा पत्ता चालेना. पाळीही लांब.

"मागल्या वेताला रेडकू आडवं आलं," मामा म्हणाले. "बघायला कुनी न्हवतं. ग्येलं."

अण्णांनी पाळ्यांची वही मिटली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "दे ते बियानं." मी लगेच तो मामांच्या कॅमेऱ्याला जोडला.

मामांनी पुण्यातून मोबाईलवर पाहून शेजाऱ्याला धाडलं. म्हैस सुटली, रेडकू जगलं. मामा येताना नवा कॅमेराच घेऊन आले, त्याला नवा पत्ता चालला, आणि दुसऱ्या दिवशी ते जुना पत्ता परत करायला ऑफिसात हजर! इथूनच काढून घेतला असता, असं मी म्हणेपर्यंत त्यांनी टेबलावर चिकाची किटली ठेवली.

"रिकाम्या हातानं परत करत्यात व्हय?"

मग बंडीच्या खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. त्यावर ठळक अक्षरात पत्त्याचे चार आकडे. अण्णांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"नीट बघून घ्या, अण्णा," मामा म्हणाले. "आठ दिस वापारला, पन एक आकडा झिजू दिला न्हाई."