पाठ करून बसणारी सखूबाई

म्हातारी माणसे जेवायला बसली की सखूबाई त्यांच्याकडे पाठ करायची. १९३४ च्या सुमारास पंचवटीतल्या निराधार वृद्धांच्या आश्रमात मी व्यवस्थापक म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच दुपारी हे पाहून माझे डोके फिरले. ताटे वाढली की आश्रमात कामाला असलेली ही बाई दाराकडे तोंड करून शेंगा सोलत बसे. म्हटले, कामचुकारपणा तो हाच! नव्या नोकरीचा तोरा होता, दुसरे काय.

तेव्हा आमच्याकडे गोपाळतात्या नावाचे तांबट होते. उभा जन्म तांब्यावर हातोडी चालवलेला माणूस. अर्धांगवायूने उजवा हात गेला, डावा थरथरायचा. निम्मे अन्न अंगावर सांडे. मी सखूबाईला हुकूम सोडला, "उद्यापासून तात्यांना भरवायचं."

तात्यांनी ओठ घट्ट मिटले. दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतले नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतः घास घेऊन बसलो, तर त्यांच्या डोळ्यांना धार लागली, पण तोंड उघडेना. हा माणूस आता उपाशी मरणार, या विचाराने मी पुरता घाबरलो.

"भाऊसाहेब, तुमी जरा भाईर व्हा," सखूबाई म्हणाली. "कुनी बघत ऱ्हायलं की हात जास्तच कापतो."

तिने खोलगट वाडग्यात भाकरी आमटीत कुस्करली. वाडगा सरकू नये म्हणून खाली ओले फडके घातले, तात्यांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि पाठ करून शेंगा पुढे ओढल्या. मी दाराआड उभा होतो. बराच वेळ नुसत्या शेंगा फुटत होत्या. मग वाडग्यात बोटे फिरल्याचा आवाज आला.

"आमटी अळणी झालीय गं," तात्या म्हणाले.

"मीठ वाटीत हाय. घ्या तुमच्या हातानं."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "पाठ तिकडं हाय माझी, कान नाय. ठसका लागला तर पयली मीच धावंन."

चार वर्षांनी तीच अंथरुणाला खिळली. तिचे असे कुणी नव्हते, म्हणून आश्रमातच खाट दिली. ती दोन्ही हातांनी चहाचा पेला उचलायची आणि मी पाठ करून शेंगा सोलायचो.

"लय हळू सोलता, भाऊसाहेब," ती मागून म्हणायची.

एका सकाळी पेला फरशीवर टेकल्याचा आवाज आला. चहा झाला वाटते, म्हणून मी सोलतच राहिलो. बऱ्याच वेळाने वळून पाहिले, तर सखूबाई गेली होती. पाठ करायला मी शिकलो होतो, कान मात्र तिच्यासारखा तयार झाला नव्हता. याचे आजही वाईट वाटते.

पेला रिकामा होता. तिने तो स्वतःच्या हाताने उपडा घातला होता.