ठसका लागला, पण पाय आवळले नाहीत

मैत्रिणींनो, आज सकाळी ठेच्यासाठी मिरच्या भाजताना मला जोरात ठसका लागला. खोकले, शिंकले, पाणी आलं. फक्त डोळ्यांतून!

काही जणींना लगेच कळलं असेल. बाकीच्यांना सांगते. माझी डिलिव्हरी फार अवघड गेली. बाळाला चिमटा लावून काढावं लागलं, टाके पडले. तेव्हापासून खोकलं, हसलं की थोडी लघवी व्हायचीच. शिंक येतेय असं वाटलं की मी आधी पाय आवळून उभी राहायचे. बायकांना हे असं होतंच, म्हणून गप्प बसले होते. शेवटी कॉलेज रोडला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. आता खालचे स्नायू आवळायचा व्यायाम रोज चालू आहे.

तर, माझ्या चांदवडच्या सासूबाई दारातून खोकतच म्हणाल्या, "आज पाय नाय आवळले गं?"

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

माझी नजर खाली गेली. त्यांचेच पाय एकमेकांत घट्ट अडकलेले!

"याच्या बाळंतपणापासून असंच हाय," त्या माझ्या नवऱ्याच्या खोलीकडे बघत म्हणाल्या. इतकी वर्षं!

उद्या त्यांनाही डॉक्टरांकडे नेतेय. पण त्यांना दम कुठला? दुपारीच चटई टाकून व्यायामाला माझ्या शेजारी आडव्या झाल्या. नवरा बाहेर आला. "दोघी काय करताय?"

आई छताकडे बघत म्हणाल्या, "तुझंच निस्तरतोय."

तुमच्या घरात शिंकताना कोण पाय आवळतं? जरा बघा बरं.