दादाची आपोआप चालणारी गाडी

आमच्या वाडीत शेअर बाजारावर वाद व्हायचा तो घराच्या छपरावर. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण मे महिन्यात आमची सगळी माणसं एकत्र सापडतात ती तिथेच. मुंबईकर सुट्टीला आलेले असतात, पावसाच्या आत कौलं काढून, झाडून, परत बसवून घर शाकारून घ्यायचं असतं, आणि ती या हातातून त्या हातात जात असताना तोंडं मोकळीच असतात. मग काय, देवळाच्या वर्गणीपासून अमेरिकेपर्यंत सगळं निघतं.

वाडी कुडपणच्या बाजूला, डोंगरात. मी महाडच्या एका कारखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीत नोकरी केली, निवृत्त झालो आणि कारखान्याजवळ बिरवाडीतच राहिलो. पण शाकारणी चुकवत नाही. वाडीतलं घर आता माझा चुलतभाऊ सांभाळतो. वयाने मोठा म्हणून मी त्याला दादा म्हणतो. त्याने सगळं आयुष्य वाडी ते पोलादपूर जीप चालवण्यात घालवलं. बाळंतिणी, नवरदेव, परीक्षेची पोरं, गणपतीच्या मूर्ती, सगळं त्याच्याच गाडीतून उतरलं आणि चढलं. माझी आई शेवटची काही वर्षं आजारी होती. महाडच्या दवाखान्यात न्यायचं असलं की दादा पुढच्या सीटवर गोधडी दुमडून ठेवायचा आणि खड्डा आला की गाडी अशी उतरवायचा की आईची झोप मोडायची नाही. मी तिचा मुलगा, पण तेवढं जपून मीही तिला कधी नेलं नसेल. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत. म्हणूनच त्याच्यावर सगळ्यात जास्त मीच चिडायचो.

चिडायला कारण होतं. मी सांगतोय त्या मे महिन्याच्या आधीच्या दिवाळीनंतर मीच त्याला महाडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, पण दोन्ही बाजूंचं गेलं होतं. गेलेलं परत येणार नाही, औषधाने उरलेलं टिकेल, आणि गाडी चालवणं बंद, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. दादाने विचारलं, "बंद म्हंजे किती दिवस?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

घरी आल्यावर त्याने प्रवासी घेणं थांबवलं, पण किल्ली खिशातून काढली नाही. रेशन आणायला, खत आणायला स्वतः खाली जायचा. म्हणायचा, "रिकामी गाडी हाय. कुणाचं काय जातंय?" तो परत येईपर्यंत वहिनी चुलीपाशी बसून राहायच्या, पण घास घ्यायच्या नाहीत. जाणार होतं ते त्याचं स्वतःचं होतं, नाहीतर घाटाच्या वळणावर समोरून येणाऱ्या कुणाचं. हे सगळ्यांना कळत होतं आणि त्याच्या हातातून स्टिअरिंग काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती. मी फक्त भांडायचो.

त्याचा सगळा भरवसा आपोआप चालणाऱ्या गाडीवर होता. माझा पुतण्या ठाण्याला असतो, शेअर बाजाराच्या एका कचेरीत कामाला. त्याने दादाच्या मोबाइलवर काहीतरी घालून दिलं होतं आणि त्यातून दादाने एका अमेरिकन कंपनीचे थोडे शेअर घेतले होते. ही कंपनी दोन गोष्टी करते, असं पुतण्या सांगायचा. एक म्हणजे वीज तयार करणारी कौलं आणि दुसरी म्हणजे चालकाशिवाय धावणारी गाडी. दादाला कौलांशी काही घेणंदेणं नव्हतं.

शेअर म्हणजे काय याचा त्याने आपल्या परीने अर्थ लावला होता, आणि तो अर्थ आमच्या वाडीतच लागू शकतो. आमच्याकडे देऊळ, पाण्याची टाकी, पालखीचा रंग, सगळं वर्गणीतून होतं. मुंबईचं मंडळ पैसे जमवतं, गावचं मंडळ काम करून घेतं. ज्याने वर्गणी दिली त्याला भर सभेत उठून काम कुठवर आलं ते विचारायचा हक्क असतो. दादाला वाटायचं, शेअरचंही तसंच. आपण सगळ्यांनी हातभार लावला की गाडी लवकर होईल. नफ्याचा विचार त्याच्या डोक्यात नव्हताच. दर पंधरवड्याला तो पुतण्याला फोन करायचा. "इचार ना रे त्यांना, कुठवर आलंय काम? वर्गणी दिलीय आपण, इचारायला काय हरकत हाय?"

पुतण्याने त्याला समजावणं कधीच सोडून दिलं होतं.

त्या मे महिन्यात छपरावर हाच वाद पेटला. दादाला आम्ही वर चढू दिलं नव्हतं. आढ्यावर बसायचा मान त्याचा, पण त्या वर्षी मी न बोलता शिडी धरली आणि वर जाऊन बसलो. शिडीच्या मधल्या पायरीवर पुतण्या, आणि खाली दादा. अंगणातल्या ढिगातून कौल उचलून, झटकून दादाच्या हातात द्यायचं काम त्याच्या सुनेकडे होतं. तिचा नवरा मुंबईत नोकरीला, ती इथे शेती आणि सासू-सासरे बघते.

"काका, माझं ऐका," पुतण्या म्हणाला. "गाडीच्या गोष्टी ते कधीपासून सांगतायत. दरवेळी पुढच्या वर्षीची तारीख. कौलं निदान लोकांच्या घरांवर बसली तरी आहेत. मला विचाराल तर या कंपनीत ठेवण्यासारखं काही असेल तर ते छप्पर."

"छप्पर?" दादा हसला. "आमच्या माकडांना म्हायती हाय काय तुझं छप्पर? दोन दिवसांत उचकटून इकडचं तिकडं करतील. आन् दरवर्षी असं काढून झाडायचं म्हटलं तर वायरींचं काय करशील?"

"ती काढायची नसतातच, काका."

"मंग पाचोळा कुठं जातो?"

पुतण्याने हातातलं कौल माझ्याकडे सरकवलं. दादाच्या गाडीवर मग मीच वरून ओरडलो. आयुष्यभर मी यंत्रांचे सेन्सर पुसत आलो. साधी वाफ बसली तरी ते रुसतात. श्रावणात आंबेनळी घाटात धुकं उतरलं की माणसाला बॉनेट दिसत नाही, तिथे तुझी गाडी काय बघणार? दोन्ही विका आणि मोकळे व्हा, असं माझं मत मी देऊन टाकलं. कुणी मागितलं नव्हतं, पण मी ते दिलं.

"तू गप रे," दादा खालून म्हणाला. "माणसाला दिसत नाय म्हणूनच ती पायजे ना. तिला सगळीकडनं डोळे असतात. पुढं, मागं, बाजूला. पोरा, सांग त्याला."

पुतण्या नाइलाजाने म्हणाला, "असतात, कॅमेरे असतात."

"बघ! बाजूला पन असतात."

हे बोलताना त्याचे हात चालूच होते. आणि वरून मला दिसलं. सून त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. तो हात समोर धरायचा, मोकळ्या हवेत. ती दुसऱ्या हाताने त्याचं मनगट हलकेच धरायची, कौल त्याच्या तळव्यावर ठेवायची, त्याची बोटं मिटली की मग सोडायची. प्रत्येक कौलाला. न बोलता, कुणाला कळू न देता. आम्ही तिघे पुरुष अमेरिकेचे निकाल लावत होतो आणि आमच्या हातून एकही कौल फुटलं नव्हतं ते तिच्यामुळे.

मी काही बोलायच्या आत ते दादालाच कळलं. मनगटावर तिची बोटं टेकली आणि त्याचा हात हवेतच थांबला. त्याने मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठे ती त्याला दिसली.

"कधीपासनं करतेस गो असं?"

"सकाळपासनं, मामंजी." आणि हातातलं कौल ढिगावर ठेवत ती म्हणाली, "गेल्या साली पन केलं व्हतं."

म्हणजे डॉक्टरांच्याही आधी तिला कळलं होतं. दादा ओट्यावर जाऊन बसला. वहिनींनी पाणी दिलं ते त्याने घेतलं नाही. मला वाटलं, आता भडकेल. मी शिडीवरून उतरलो. पण त्याने खिशातून किल्ली काढली, आणि ती सुनेला देताना हात पुन्हा समोर धरला. ती फिरून त्याच्या समोर आली.

"शिकशील काय?"

ती वहिनींकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. म्हणाली, "शिकीन. पन तुमी वरडायचं नाय."

"वरडनार," दादा म्हणाला.

पुतण्याने विचारलं, मग शेअर विकून टाकू का? दादाने हात झटकला. "ऱ्हाऊ दे नायतर इक. तुझं तू बघ."

तो ओरडलाच. कुडपणच्या सड्यावर, डोंगरावरच्या सपाट कातळावर, मोकळी जागा आहे, तिथे तिची शिकवणी झाली, आणि त्याचा आवाज खालच्या वाडीपर्यंत जायचा. एकदा ती गाडी मध्येच बंद करून घरी चालत आली. दादा मागून काठी टेकत आला आणि अंगणातूनच म्हणाला, "चूक माझी व्हती, चल." पेणच्या आरटीओत जाऊन तिचं पक्कं लायसन हातात येईपर्यंत पाऊस उघडायला आला. तोवर शिकवणी सोडली तर जीप ताडपत्रीखाली उभी होती आणि वहिनी वेळेवर जेवत होत्या.

भाद्रपद संपताना मी वाडीवर गेलो होतो. परतताना त्यांच्याच गाडीतून पोलादपूरला उतरलो. मागे चार-पाच बायका, दोन पोरं, भाज्यांच्या पिशव्या. सून चालवत होती, पदर खोचून, ओठ दाबून. दादा तिच्या शेजारी. तो आता एक अक्षर बोलत नव्हता, नुसता पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होता. मी मागून ते बघत होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. हा माणूस जिवंत होता, समोरून येणारे जिवंत होते, आणि हे एका बाईने कुणाला कमीपणा न आणता घडवलं होतं. तिचे आभार कसे मानायचे ते मला आजही सुचलेलं नाही.

अर्ध्या उतारावरच्या वळणाशी दादा एकदम म्हणाला, "थांबव गो."

ती घाबरली. तिला वाटलं, काहीतरी चुकलं. तिने गाडी बाजूला घेतली. दादा उतरला, कठड्यापाशी गेला आणि उभा राहिला. मी मागोमाग गेलो. खाली सगळं खोरं हिरवंगार पसरलं होतं. भातावर ऊन पडलं होतं, मधून नदी वळत गेली होती, पलीकडच्या डोंगरावरून पाण्याच्या चार-पाच रेघा उतरत होत्या. तो मान हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होता, कारण एकदम सगळं त्याला दिसत नव्हतं.

"इथं एवढं हाय?" तो म्हणाला. "मला इथं नुसतं वळानच म्हायती व्हतं रे."

मागे गाडीत एरवी उशिराची कुरकुर करणाऱ्या बायकाही माना बाहेर काढून तिकडेच बघत होत्या. सुनेने इंजिन बंद केलं.